मेंढीची वार



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत जनावरांच्या डॉक्टरला बोलावणे हे धाडस आहे. मागची चाळीस-पन्नास वर्षे माझी भाषणे गोठ्यात झाली, आणि श्रोत्यांनी एकदाही टाळ्या वाजवल्या नाहीत. चिटणीस घरी आले तेव्हा मी म्हटले, ‘‘अहो, मला संतांवर बोलता येत नाही, नाटकावर येत नाही.’’ ते म्हणाले, ‘‘जे येतं त्यावर बोला.’’ म्हणून आजचा विषय मेंढीची वार. हसू नका. या विषयाने माझ्या घरात एकदा फार मोठी किंमत वसूल केली आहे. ती गोष्ट मी शेवटी सांगणार आहे, आणि ज्या व्यक्तीची ती गोष्ट आहे तिची परवानगी घेऊन सांगणार आहे.

सुरुवात शब्दापासून करू, कारण जागा साहित्याची आहे. बाळ जन्मल्यावर मागून जे पडते त्याला आपण वार म्हणतो. गाई-म्हशीच्या बाबतीत शेतकरी जार म्हणतो. ‘‘डॉक्टर, जार अडकलाय’’ असा निरोप आला की रात्री अपरात्री सायकल काढावी लागे. आपले गुजराती शेजारी तिला ओर म्हणतात. पण या बिचाऱ्या वारेला भाषेत मान नाही. मान आहे तो नाळेला. ‘‘आमची नाळ महाराष्ट्राशी जोडलेली आहे’’ असे आपण या व्यासपीठावरून दर वर्षी म्हणतो. तीन-चार पिढ्या सुरतेत काढलेल्या आपल्या घरांना ते वाक्य प्रिय आहे. पण नाळ ही नुसती दोरी. दोरीचे एक टोक बाळाच्या बेंबीत असते, आणि दुसरे वारेत. जे काही काम होते ते वारेत होते. वार अन्न देते, श्वास देते, घाण काढून घेते, हे आपल्याला ठाऊक असते. ती संप्रेरके तयार करते, म्हणजे रक्तातून निरोप पाठवून आईच्या शरीराचा कारभार चालवते, हे फारसे ठाऊक नसते. आज मला तेवढेच सांगायचे आहे.

मेंढीच का? एक तर मेंढी साधी, गरीब, आणि तिचा गर्भकाळ सुटसुटीत, सुमारे १४७ ते १५० दिवसांचा. दुसरे म्हणजे गरोदरपणाबद्दल जगाला जे कळले त्यातले पुष्कळसे या प्राण्यावर कळले. मेंढीचे कोकरू जन्मताना साधारण माणसाच्या बाळाएवढ्या वजनाचे असते, ही त्यातली एक सोय.

मेंढी साधारण सतरा दिवसांनी माजावर येते. बीजांडकोशातून अंडे सुटले की त्या जागी पिवळसर गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. तो प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक सोडतो. प्रोजेस्टेरॉन म्हणजे गर्भाशयाला ‘‘शांत राहा, पाहुणा येणार आहे’’ असे सांगणारा निरोप. पाहुणा आलाच नाही, तर पंधराव्या-सोळाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लॅंडिन सोडून पीतपिंडाचा निकाल लावते, आणि मेंढी पुन्हा माजावर येते.

आता समजा गर्भ राहिला आहे. तो अजून टाचणीच्या डोक्याएवढा, गर्भाशयात मोकळा तरंगतो आहे. आईला त्याचा पत्ता नाही. तेराव्या दिवसाच्या आत त्याने ‘‘मी आलो आहे’’ असे कळवले नाही, तर आईचे शरीर त्याला नकळत बाहेर घालवील. मग तो काय करतो? तो लांबतो. दहाव्या-अकराव्या दिवशी गोल असलेला हा ठिपका दोन-चार दिवसांत दहा सेंटीमीटर आणि त्याहून लांब अशा दोऱ्यासारखा होतो. त्याच्या बाहेरच्या ज्या पेशींची पुढे वार होणार असते, त्या एक प्रथिन सोडू लागतात. त्यामुळे प्रोस्टाग्लॅंडिनचा मारा थांबतो आणि पीतपिंड वाचतो. फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९७९ साली या निरोपाला ट्रोफोब्लास्टिन असे नाव दिले होते. १९८७ साली कळले की ते इंटरफेरॉनच्या कुळातले आहे. विषाणू शिरला की शरीर जे पदार्थ सोडते, त्यांच्या घराण्यातले. वार अजून धड तयारही झालेली नसते, आणि तिने पहिले काम केलेले असते.

माणसात हा निरोप वेगळा आहे. तिथे गर्भ एचसीजी नावाचे संप्रेरक सोडतो. घरी लघवी तपासून दोन रेघा बघतात, त्या रेघा या निरोपाच्या असतात. काम तेच, पण पत्र वेगळ्या लिपीतले. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर वार रुजते. गाई-मेंढ्यांची वार माणसासारखी एका थाळीसारखी नसते. मेंढीच्या गर्भाशयाच्या आतल्या बाजूला बटणासारखे उंचवटे जन्मापासूनच असतात, साधारण सत्तर ते शंभर. वारेचे झुबके त्या त्या बटणावर जाऊन बसतात. पन्नासाव्या दिवसाच्या पुढे वार स्वतःच पुरेसे प्रोजेस्टेरॉन करू लागते. यानंतर मेंढीचे दोन्ही बीजांडकोश काढून टाकले तरी गाभ टिकतो. शेवटच्या महिन्यांत तर बीजांडकोशाच्या कितीतरी पट प्रोजेस्टेरॉन वारेतून येते.

आणि तिची सख्खी शेजारीण शेळी? एकाच वाड्यात बांधलेली, तोच पाला खाणारी. शेळीची वार हे काम करीत नाही. शेळीला शेवटच्या दिवसापर्यंत पीतपिंडावर अवलंबून राहावे लागते. त्यामुळे पीतपिंड मोडणारे प्रोस्टाग्लॅंडिनचे इंजेक्शन गाभण शेळीला केव्हाही दिले तरी ती गाभडते. मेंढीला दोन महिन्यांनंतर दिले तर बहुधा काही होत नाही. आम्हाला कॉलेजात हे शिकवताना बजावले होते की शेळीचे ज्ञान मेंढीवर चालवू नका. परीक्षेत मी ते बरोबर लिहिले होते.

दुसरे संप्रेरक तितकेच महत्त्वाचे. वारेत काही पेशी अशा असतात की एकेका पेशीत दोन दोन केंद्रके. या पेशी आपली जागा सोडतात, आईच्या गर्भाशयाच्या अस्तरापर्यंत जातात आणि तिथल्या पेशींशी एकजीव होतात. घर मुलाचे आणि भिंत आईची, असा भेद तिथे उरत नाही. त्या पेशी प्लॅसेंटल लॅक्टोजेन नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात सोडतात. शेवटच्या महिन्यात त्याचे प्रमाण सर्वात जास्त असते. कास भरण्याची तयारी होते ती याच्या मदतीने. आईच्या अंगावरची चरबी मोकळी करून साखर गर्भाकडे वळवण्यातही त्याचा हात असतो. पोटात जुळी असतील तर वारेचे ऊतक जास्त, म्हणून हे संप्रेरकही जास्त. दोन कोकरे येणार आहेत, दूध त्या मानाने हवे, हा हिशेब कोकरू जन्मण्याआधीच लागलेला असतो.

इथे आपल्या मुलखातली एक गोष्ट सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकरांनी ती १९६८ साली काढली. साहित्याच्या मंडळींना हे घर दुसऱ्या बाजूनेही माहीत असेल. बनबिहारींच्या पत्नी जाई निंबकर या लेखिका, ‘युगान्त’कार इरावती कर्वे यांच्या कन्या. त्यांची मुलगी डॉ. चंदा निंबकर यांनी मेंढ्यांचे काम हाती घेतले. आपल्या धनगरांची दख्खनी मेंढी काटक, चालायला पक्की, पण बहुधा एकच कोकरू देणारी. चाऱ्याची जमीन घटते आहे, कळप वाढवता येत नाही, तर त्याच मेंढीने दोन कोकरे दिली तर धनगराच्या हाती चार पैसे जास्त पडतील, हा विचार होता. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची छोटीशी मेंढी आहे, ती दोन-तीन कोकरे सहज देते. तिचा गुण दख्खनीत आणायचे ठरले.

या गुणाचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे तिथल्या बुरुला नावाच्या एका मळ्यावरच्या मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देतात म्हणून प्रसिद्ध झाल्या. २००१ साली त्या गुणाचे जनुक सापडले, आणि मग सुंदरबनच्या गरोळमध्येही तोच बदल आहे हे दिसले. दोनशे वर्षे परदेशी राहिलेल्या मेंढीचे मूळ घर असे कळले. फलटणच्या संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने रक्ततपासणी करून ते जनुक असलेली जनावरे निवडली आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. एका वेताला सरासरी एक कोकरू होते तिथे सुमारे दीड झाले.

पण जनुकाचे काम बीजांडकोशात संपते. दोन अंडी सुटली, जनुक मोकळे झाले. पुढचे पाच महिने वारेचे. बटणे आहेत तेवढीच, ती आता दोघांत वाटायची. कोकराची दोन तृतीयांशाहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या वेळी वार मागणी करते आणि मेंढी नाही म्हणू शकत नाही. चारा कमी पडला तर अंगावरची चरबी वितळते. फार वेगाने वितळली तर रक्तात विषारी द्रव्ये साठतात, मेंढी कळपातून मागे राहते, डोळ्यांनी दिसेनासे होते, बसते ती उठत नाही. जुळ्यांच्या मेंढ्यांचा हा आजार मी पुष्कळ पाहिला. वाड्यावर बाई म्हणायची, ‘‘डाक्टर, बाहेरची बाधा झाली.’’ बाधा आतली होती. म्हणून जुळी देणारी मेंढी धनगराला द्यायची तर शेवटच्या सहा आठवड्यांचा मूठ-दोन मुठी खुराकही त्याला समजावून द्यावा लागतो. वारेचा हिशेब न मांडता नुसते जनुक दिले, तर त्याच्या घरात दोन कोकरांऐवजी एक मेलेली मेंढी येईल.

आता शेवटचा प्रश्न. कोकराने बाहेर कधी यायचे हे कोण ठरवते? आपली समजूत अशी की आई ठरवते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते, ग्रॅहॅम लिगिन्स. सगळे त्यांना माँट म्हणत. त्यांना अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे कारण हवे होते. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी पोटातल्या कोकराची पीयूषिका ग्रंथी नष्ट करून पाहिली. मेंढी वेळेवर व्यालीच नाही, दिवस उलटून गेले. उलट पोटातल्या कोकराला कॉर्टिसोलसारखे औषध दिले तर मेंढी वेळेआधी व्याली. म्हणजे दिवस भरल्याची घंटा कोकरू वाजवते. त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून कॉर्टिसोल वाढते. ते वारेत जाते. वारेत त्यामुळे एक नवे विकर जागे होते, आणि ते प्रोजेस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनकडे वळवते. तीन-साडेतीन महिने ‘‘शांत राहा’’ सांगणारी वार एक-दोन दिवसांत ‘‘चला, उठा’’ म्हणू लागते. कळा सुरू होतात.

याच प्रयोगात लिगिन्स यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. एक कोकरू सुमारे ११७ दिवसांचे, म्हणजे महिनाभर आधी जन्मलेले. असे कोकरू जगूच नये, कारण फुप्फुसे उघडत नाहीत. ते जिवंत होते आणि श्वास घेत होते. औषधाने कळाच आल्या असे नव्हे, तर फुप्फुसेही आधी पिकली होती. फुप्फुसांच्या बारीक पिशव्या मिटून चिकटू नयेत म्हणून आतून एक साबणासारखा पातळ थर लागतो, तो लवकर तयार झाला होता.

त्याचा अर्थ काय, हे त्या काळात सर्वांना कळत होते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच कारणाने एकोणचाळीस तासांत गेला. जगातली सगळी साधने हाताशी असून गेला. लिगिन्स आणि त्यांचे बालरोगतज्ज्ञ सहकारी रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर रीतसर चाचणी घेऊन १९७२ साली निष्कर्ष छापला. अकाली कळा सुरू झालेल्या मातांना इंजेक्शन दिले, तर सुरुवातीच्या दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण शंभरात पंधरावरून तीनाच्या आसपास आले.

आता घरची गोष्ट.

१९८७ साल. माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी, इथे सुरतेला आली होती. एकतिसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी पोटात दुखू लागले. जवळच्या एका खासगी प्रसूतिगृहात नेले. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी सांगितले, ‘‘कळा एखादा दिवस थोपवता आल्या तर बघतो, आणि मध्ये स्टेरॉईडचे इंजेक्शन देऊ. बाळाच्या छातीसाठी.’’ मेहुणे माझ्याकडे बघू लागले. घरात डॉक्टर म्हणजे मी. आणि मी काय बोललो? मी म्हटले, ‘‘स्टेरॉईड? मुळीच नको. गाभण मेंढीला हेच औषध आम्ही वेत उरकायला देतो. कळा थांबायच्या सोडून वाढतील.’’ डॉक्टरांनी समजावून बघितले. म्हणाले, ‘‘माणसात तसं होत नाही.’’ मी वयाने मोठा, आवाज मोठा. बहीण म्हणाली, ‘‘दादा, तू म्हणशील तसं.’’ इंजेक्शन दिले नाही.

कळा काही थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मुलगा झाला. रडला. रात्री त्याच्या छातीचे पिंजऱ्यासारखे आत-बाहेर होणे मी पाहिले, आणि ते काय आहे हे मला कळत होते, कारण तसे कोकरू मी पाहिले होते. तो दोन दिवस होता.

इंजेक्शन दिले असते तर तो जगलाच असता, असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण त्याला मिळायची संधी मी नाकारली. पुढे काही वर्षांनी एका पुस्तकात मी ते वाक्य वाचले. मेंढीच्या वारेत कॉर्टिसोलने जे विकर जागे होते, ते माणसाच्या वारेत नसते. म्हणून स्त्रीला ते इंजेक्शन दिले, तर त्यामुळे बाळंतपण सुरू होत नाही, फक्त बाळाची फुप्फुसे पिकतात. मेंढीत एका किल्लीने दोन कुलुपे उघडतात, माणसात एकच. त्या तरुण डॉक्टरांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. शेळीचे ज्ञान मेंढीवर चालवू नका, हे परीक्षेत लिहिणाऱ्या मी मेंढीचे ज्ञान माझ्या बहिणीवर चालवले होते.

मी तिला हे सांगायला बरीच वर्षे घेतली. सांगितले तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘‘दादा, तुला जे माहीत होतं ते तू सांगितलंस.’’ तिने मला सोडवले, पण तेवढे खरे नाही. मला जे माहीत होते ते मेंढीबद्दल होते. मला विचारले होते माणसाबद्दल. त्या वेळी ‘‘मला यातलं माहीत नाही’’ एवढे चार शब्द बोललो असतो तर पुरे होते.

एक गोष्ट मात्र नमूद करतो, स्वतःला सोडवण्यासाठी नव्हे. शंका घेणारा मी एकटा नव्हतो. १९७२ ला कळलेली गोष्ट अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञसभेने सर्रास वापरा म्हणून सांगितली ती १९९४ साली. वैद्यकातले पुरावे गोळा करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा आहेत, त्या याच इंजेक्शनच्या चाचण्यांच्या आहेत. पुरावा समोर असून वापर न झाल्याची ती आठवण आहे. आपल्या देशात २०१४ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा प्रशिक्षित परिचारिकेलाही दिली.

पण उलट बाजूही ऐका, नाहीतर मी पुन्हा तीच चूक करीन. २०१५ साली सहा देशांतल्या गावोगावच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. त्यात आपले बेळगाव आणि नागपूरही होते. जिथे दिवस नीट मोजलेले नव्हते, जन्मल्यावर बाळाची काळजी घेण्याची सोय नव्हती, तिथे हे इंजेक्शन सरसकट दिल्याने फायदा दिसला नाही, उलट एकूण बाळमृत्यू थोडे वाढले. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत, दिवस सोनोग्राफीने मोजून, २८५२ मातांवर चाचणी घेतली. २०२० साली निकाल आला. औषध दिलेल्या गटात शंभरात साधारण वीस बाळे दगावली, न दिलेल्या गटात साडेतेवीस. बाळे इतकी नाजूक होती. तरी शंभरात तीन-चार घरांत पाळणा हलला. औषध तेच, पण कोणाला, कितव्या आठवड्यात, कुठे, याला महत्त्व आहे.

म्हणून आपल्या घरांसाठी दोनच गोष्टी सांगतो. घरात कोणी गरोदर असेल तर सुरुवातीची सोनोग्राफी करून दिवसांचा हिशेब पक्का लिहून ठेवा. पुढे गरज पडली तर डॉक्टरांचा निर्णय त्या कागदावर ठरतो. आणि दिवस भरण्याआधी दुखू लागले, पाणी गेले, तर घरातल्या वडीलधाऱ्यांची सभा भरवू नका. जिथे नवजात बाळाची सोय आहे तिथे ताबडतोब न्या. सभेत कोणीतरी मोठ्या आवाजाचा दादा असतोच.

फलटणच्या मेंढ्या चरत आहेत. ऑकलंडचे ते कोकरू कधीच गेले. त्याचे नाव कोणी ठेवले नसेल. आज जगात जी अपुऱ्या दिवसांची मुले शाळेत जातात, त्यांतल्या कितीतरी जणांचा पहिला श्वास त्याच्यामुळे आहे. आपण नाळेचा अभिमान बाळगतो, तो बाळगावाच. पण पुढच्या वेळी कोणाच्या घरी बाळंतपण झाले आणि सुईण किंवा नर्स ‘‘वार पूर्ण पडली’’ म्हणाली, तर क्षणभर तिचीही आठवण ठेवा. नऊ महिने कारभार तिनेच चालवलेला असतो, आणि काम संपल्यावर ती न बोलता निघून जाते.

माझी बहीण आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिला आणि तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.